वाचक विचारतात : राजवाडा पाहायला निघताना

दिवाळी सरली की सहलींचे बेत सुरू होतात आणि राजवाड्यांविषयीची पत्रे वाढतात. यंदाच्या पत्रांतल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे: वाडा कोणाच्या ताब्यात आहे हे पाहण्याआधीच गाडी ठरलेली असते. पुरातत्त्व खात्याचा वाडा, ट्रस्टचे संग्रहालय, राजघराण्याचे राहते घर आणि हॉटेल झालेला महाल, या चारही ठिकाणचे नियम वेगळे असतात. पत्र कोणाच्या नावे लिहायचे, सुट्टी कोणत्या वारी, फोटो काढू देतात का, गाइड बाहेरचा चालतो का, हे सगळे मालकावर ठरते. जोधपूरच्या उमेद भवनाचे उदाहरण घ्या. १९४३ मध्ये पूर्ण झालेल्या त्या एकाच इमारतीत संग्रहालय आहे, हॉटेल आहे आणि राजघराण्याचे घरही आहे. तिकीट संग्रहालयाचे असते. ते हातात असले म्हणून बाकीच्या दोन दारांतून आत जाता येत नाही. म्हणून पुढच्या उत्तरांत आम्ही प्रत्येक वेळी आधी मालक कोण ते सांगितले आहे.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे ४४ सभासद बऱ्हाणपूरचा शाही किल्ला पाहायला जाणार आहेत. एका दिवसात जमेल का? रेल्वे बरी की बस? – सचिव, अमळनेर

जमेल, पण पहाटे निघावे लागेल आणि बऱ्हाणपुरात जे जे आहे ते सगळे पाहण्याचा मोह सोडावा लागेल.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. भारतीयांना तिकीट २५ रुपये, ऑनलाइन काढले तर थोडे कमी. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. चव्वेचाळीस तिकिटे खिडकीवर एकेक करून काढू नका. एकाच माणसाने आदल्या रात्री ऑनलाइन काढून कागदावर छापून आणावीत. दारावर नेट मिळेल या भरवशावर राहिलात तर उन्हात उभे राहण्याची पाळी वृद्धांवर येते.

रेल्वेने बहुधा भुसावळला गाडी बदलावी लागते. पुल चढणे, सामान, चुकलेली जोडगाडी हे सगळे चव्वेचाळीस ज्येष्ठांना घेऊन नको. शिवाय ऑनलाइन एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. सगळ्यांचे एकत्र आरक्षण हवे असेल तर स्टेशनवरच्या आरक्षण पर्यवेक्षकांकडे संघाच्या लेटरहेडवर अर्ज आणि नावांची यादी द्यावी लागते. बऱ्हाणपूर स्टेशनही शहरापासून काही किलोमीटर दूर लालबागेत आहे, म्हणजे तिथून पुन्हा रिक्षा. तेव्हा बसच घ्या: चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर या रस्त्याने. चहा आणि लघवीचे थांबे धरून चार तास लागतील असे समजा. पहाटे पाचला निघालात तर नऊ-सव्वानऊला पोहोचाल. बस मध्य प्रदेशात जाते, म्हणून ती ऑल इंडिया टूरिस्ट परमिटचीच हवी. परमिट, फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती ठरवतानाच मागून घ्या. रावेरच्या पुढे सीमेवर गाडी अडली तर दंड मालक भरतो, पण वेळ तुमचा जातो.

जुन्या शहरात गल्ल्या अरुंद आहेत. मोठी बस वाड्याच्या दारापर्यंत न्यायचा हट्ट धरू नका. रुंद रस्त्यावर उतरा, गुडघे दुखणाऱ्यांसाठी पाच-सहा रिक्षा ठरवा, बाकीचे चालत येतील. ड्रायव्हरचा मोबाइल नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर असू द्या. फोन चार्ज नसला तरी कागद उपयोगी पडतो.

आत गेल्यावर गटाचे दोन भाग करा, बावीस-बावीसचे, आणि दोन गाइड घ्या. पंचवीसच्या वर माणसे झाली की मागच्यांना गाइडचे ऐकू येत नाही, ते आपापसांत बोलू लागतात आणि पुढच्यांनाही ऐकू येईनासे होते. पहिला गट हमामखान्याकडे (शाही स्नानगृहाकडे) जाईल तेव्हा दुसऱ्याने तापीच्या बाजूचे सज्जे आणि दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास यांचे अवशेष पाहावेत, मग अदलाबदल. हमामखाना हा या किल्ल्याचा जीव आहे. छतावरची रंगीत नक्षी अजून शाबूत आहे, पण खोल्या लहान आणि उजेड कमी. एका वेळी बारा-पंधरा माणसेच आत सोडा. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर पहिले मिनिटभर काहीच दिसत नाही, आणि घाई करणारे तसेच बाहेर पडतात. दोन मिनिटे डोळे सरावू द्या, मग मान वर करा. लहान टॉर्च भिंतीच्या कडेने तिरपी धरली तर नक्षीतले रंग नीट उठून दिसतात. हात मात्र कुठेही लावायचा नाही. तळहाताचा घाम आणि तेल यांनीच अशी चित्रे सर्वांत लवकर मरतात.

फारुकी सुलतानांनी थाळनेरनंतर खानदेशचा कारभार इथून चालवला, पुढे मुघलांचा सुभा इथे आला आणि १६३१ मध्ये मुमताज महलचा मृत्यू याच गावी झाला. तापीपलीकडच्या आहूखान्यात, म्हणजे मुघलांच्या हरिणबागेत, तिला काही महिने दफन केले होते. ज्येष्ठांच्या गटाने किल्ल्यानंतर आहूखाना किंवा कुंडी भंडारा (मुघलकालीन भुयारी पाणीयोजना) यांपैकी एकच निवडावे. कुंडी भंडाऱ्यात खाली उतरायला लिफ्ट आहे, पण ती चालू आहे का हे त्याच सकाळी विचारून घ्या. बंद असेल तर वरून कुंड्यांची तोंडे पाहण्यासाठी ४४ माणसांना घेऊन जाण्यात अर्थ नाही.

पायऱ्या उंच आणि असमान आहेत. काठी वापरणाऱ्या प्रत्येकासोबत एक धडधाकट सोबती नाव घेऊन ठरवा. ‘कोणीतरी बघेल’ असे ठेवले की कोणी बघत नाही. जेवण बरोबर न्या: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी. भाजी रस्सेदार नको. जेवण किल्ल्याच्या आवारात नाही, बाहेर. परतताना मावा जिलेबी आणि दराबा घ्यायला अर्धा तास वेगळा ठेवा, कारण तो तसाही जाणारच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. होळीनंतर आपल्याकडचे ऊन वृद्धांना घेऊन दगडी वाड्यात फिरण्यासारखे नसते.

सहलीचे पैसे गोळा करताना दरवेळी शेवटच्या आठवड्यात सात-आठ जण गळतात आणि हिशेब बिघडतो. काय करावे? – महिला मंडळ, भडगाव

बसचे भाडे माणसांवर ठरत नाही, हे सगळ्यांना आधी आकड्यांत दाखवा. समजा बस २२,००० रुपयांची आणि येणाऱ्या ४४. डोईवर ५०० पडले. आठ जणी गळाल्या तर ३६ जणींवर ६११. आलेल्यांनी न आलेल्यांचे पैसे भरायचे, आणि भांडण तिथूनच सुरू होते.

म्हणून वर्गणीचे दोन भाग करा. बसचा वाटा नाव देतानाच घ्यायचा आणि तो परत मिळणार नाही हे पावतीवर लिहायचे. बदली बाई स्वतः आणली तर तिच्याकडून घ्यावा. तिकिटे, गाइड आणि जेवण यांचा वाटा सहलीच्या चार दिवस आधी, आणि तो न आल्यास परत. हिशेब करताना ४४ ऐवजी ३८ माणसे धरूनच डोईचा आकडा सांगा. जास्त आल्या तर शेवटी पैसे परत करता येतात, आणि त्याने कोणी नाराज होत नाही.

नववी-दहावीच्या ६० मुलांना महेश्वर आणि मांडू दाखवायचे आहे. दोन दिवस आहेत. – शिक्षक, शिरपूर

शिरपूरकरांना हा मार्ग सोपा आहे, आग्रा रोड दारातूनच जातो. सेंधवा, जुलवानिया, खलघाट, धामनोद आणि तिथून आत वळून महेश्वर. सकाळी सहाला निघा. बिजासन घाट उजेडात चढायचा आणि परतीलाही उजेडातच उतरायचा, एवढे एक पथ्य पाळा. रात्रीची ट्रकची रांग आणि झोपलेली मुले हा मेळ नको. शाळेची पिवळी बस परराज्यात चालणार नाही. एसटीचा प्रासंगिक करार करायचा असेल तर परराज्याची परवानगी लागते का आणि ती कोण काढणार, हे आगारात महिनाभर आधी लेखी विचारा. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतिपत्रे, दर दहा मुलांमागे एक शिक्षक आणि मुली असतील तर शिक्षिका, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मालकांकडे पाहू. महेश्वरच्या किल्ल्यात अहिल्याबाईंचा राजवाडा आहे. तिथली गादी आणि देवघर पाहता येते, पण किल्ल्याचा एक भाग हॉटेल आहे. त्या दाराशी मुलांनी घोळका करायचा नाही, हे बसमध्येच बजावून ठेवा. देवघराशी पादत्राणे काढावी लागतात. साठ जोडांचा ढीग झाला की निघताना वीस मिनिटे जातात. प्रत्येक दहाच्या तुकडीला एक कापडी पिशवी द्या, तुकडीचे सगळे जोड त्यात, पिशवी शिक्षकाकडे. ही युक्ती म्हैसूरच्या राजवाड्यालाही कामी येते, तिथेही अनवाणीच आत जावे लागते. मुलांना वाडा साधा वाटेल. तो साधाच आहे, आणि नर्मदेचा घाट उतरताना त्यांना हेच दाखवा: माळव्याचा कारभार १७९५ पर्यंत जिने पाहिला, तिची बैठक ही एवढी, आणि घाट मात्र एवढे मोठे. ही गोष्ट पुस्तकातून मुलांना कळत नाही.

मांडू पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथे तिकिटाचे तीन वेगळे गट आहेत: शाही महाल, होशंगशहाचा मकबरा आणि रूपमतीचा सज्जा. एकाच तिकिटात तिन्ही होतात असे समजून लोक पैसे मोजून आणतात आणि दुसऱ्या दारावर अडकतात. पंधरा पूर्ण न झालेल्यांना तिकीट नाही, पण नववी-दहावीची मुले दिसायला मोठी असतात. जन्मतारखांची यादी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह जवळ ठेवा, आधारच्या छायाप्रतींसह.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी महेश्वर, दुपारी जेवून मांडू, संध्याकाळी रूपमतीचा सज्जा. हवा स्वच्छ असेल तर तिथून लांबवर नर्मदेची रेघ दिसते. मुक्काम मांडूतच. दुसऱ्या सकाळी फाटक उघडताच जहाज महाल, कारण नऊनंतर गाड्या येऊ लागतात आणि गच्चीवर मुलांना मोजणे अवघड होते. मुंज आणि कपूर या दोन तलावांमधला तो लांबट महाल गच्चीवरून पाहिला की जहाज हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. शेजारच्या हिंडोला महालाच्या तिरक्या भिंतींपाशी भूमितीच्या सरांना दहा मिनिटे द्या. गच्च्यांच्या कडांना सगळीकडे कठडे नाहीत. मुले वर जाण्याआधी दोन शिक्षक कडेला जाऊन उभे राहतील, मग तुकडी चढेल. सेल्फी काढत मागे सरकणे हाच इथला खरा धोका आहे. डिसेंबरात मांडूला आपल्याकडच्यापेक्षा जास्त थंडी असते, प्रत्येकाकडे स्वेटर हवा.

इंदूर या दोन दिवसांत घुसवू नका. तिथला सात मजली राजवाडा आणि लालबाग महाल या दोन्ही ठिकाणी सोमवारी सुट्टी असते आणि दुरुस्तीमुळे काही भाग बंदही असतात. १९८४ च्या आगीनंतर राजवाड्याचे बरेच काम पुन्हा करावे लागले. त्याला स्वतंत्र दिवस काढा.

आईच्या पंच्याहत्तरीला आम्ही बारा जण वडोदऱ्याचा लक्ष्मी विलास पॅलेस पाहणार आहोत. एक एजंट ‘प्रायव्हेट टूर’चे बरेच पैसे सांगतो. द्यावेत का? – वाचक, पाचोरा

आधी त्याला विचारा, प्रायव्हेट म्हणजे काय. या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, नेहमीच्याच वेळेत, नेहमीच्याच तिकिटावर, फक्त गाइड तुमचा. दुसरी, एरवी बंद असलेली दालने वेगळ्या महागड्या तिकिटावर, वाड्याच्याच माणसाबरोबर. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये चंद्र महालातली काही दालने अशा तिकिटावर दाखवतात. तिसरी, लोकांची वेळ संपल्यावर किंवा सुरू होण्याआधी वाडा तुमच्यासाठी उघडणे. एजंट पैसे तिसरीचे घेतो आणि देतो पहिली, असे पुष्कळदा होते. तो म्हणतो ती सोय खरोखर आहे का, हे वाड्याच्या कार्यालयाला स्वतः फोन करून आणि मग ईमेलने विचारा. उत्तरात दालनांची नावे, वेळ, माणसांची मर्यादा, आणि रद्द झाल्यास पैसे परत की तारीख बदलून, एवढ्या चार गोष्टी आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

लक्ष्मी विलास हे गायकवाड घराण्याचे राहते घर आहे. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या या वाड्याचा ठरावीक भागच पाहता येतो. सोमवारी बंद. आत फोटो काढू देत नाहीत. तिकिटासोबत ऑडिओ गाइड मिळतो, त्यामुळे बारा जणांना वेगळा गाइड खरे तर लागत नाही. आईंना कमी ऐकू येत असेल तर कानात बसणारे स्वतःचे इअरफोन न्या आणि त्या यंत्राला जोडता येतात का ते खिडकीवरच पाहा. दरबार हॉलमध्ये आईंना पाच-दहा मिनिटे थांबू द्या. तिथली व्हेनिसच्या धर्तीची मोझेक जमीन आणि रंगीत काचांच्या खिडक्या घाईत पाहायच्या नसतात. आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत. तिकीट वेगळे, पण तेवढ्यासाठीही वडोदरा करावे. पॅलेसच्या आवारात समारंभ होतात. लग्नसराईत येत असाल तर त्या तारखेला काही बंद आहे का हे विचारून घ्या.

गाडीचे म्हणाल, तर जळगावहून नंदुरबार, सुरत मार्गे अहमदाबादकडे जाणाऱ्या गाड्या वडोदऱ्याला थांबतात. पाचोऱ्याहून जळगावला येऊन तीच धरा. आणि आईंना वाटेत सांगा की हा वाडा बांधणारे तिसरे सयाजीराव मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. शेतकऱ्याच्या घरातून १८७५ मध्ये दत्तक गेलेला हा मुलगा आपल्या शेजारचाच होता.

गाइड चांगला आहे हे आधी कसे ओळखावे? – वाचक, शहादा

तीन प्रश्न विचारा. ओळखपत्र कोणत्या खात्याचे आहे? आत तुम्हाला बोलायची परवानगी आहे का? (काही वाड्यांत फक्त त्यांचाच माणूस किंवा ऑडिओ चालतो, बाहेरचा गाइड दारात थांबतो आणि पैसे मात्र पूर्ण घेतो.) आणि तिसरा, एकूण किती वेळ द्याल? जो पैसे आधी सांगतो आणि वेळ सांगत नाही तो दुकानांकडे नेणार, हे धरून चाला. दर ठरवताना ‘दुकान नाही’ हे शब्द स्पष्ट बोला.

आमच्या भिशीच्या १८ जणी जुलैअखेर लंडनला जात आहेत. बकिंगहॅम राजवाडा आतून पाहता येतो का? – वाचक, चाळीसगाव

येतो. तो राजाचा चालू वापरातला वाडा आहे, म्हणून मुख्यतः उन्हाळ्यात सुमारे दहा आठवडे १९ शाही दालने उघडतात. तुमची तारीख त्यात बसते. ही सोय १९९३ पासूनची, विंडसरच्या १९९२ च्या आगीनंतर दुरुस्तीचा खर्च निघावा म्हणून सुरू झालेली. बुकिंग रॉयल कलेक्शन ट्रस्टकडे. १५ किंवा अधिक माणसांचा गट धरतात, म्हणून तुम्ही साधी तिकिटे न काढता गटाच्या बुकिंगसाठीच लिहा. तिकिटावर आत जाण्याची वेळ छापलेली असते. विमानतळासारखी तपासणी होते, तेव्हा अर्धा तास आधी पोहोचा आणि मोठ्या पिशव्या हॉटेलवर ठेवा. पहारा बदलण्याचा सोहळा बाहेरून फुकट दिसतो, पण तो रोज नसतो.

विंडसर करायचे असेल तर मंगळवार-बुधवार टाळा, किल्ला बंद असतो. तिथले सेंट जॉर्ज चॅपल रविवारी पर्यटकांसाठी बंद. म्हणजे दोन्ही हवे असतील तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार किंवा सोमवार.

खानदेशातल्या जुन्या गढ्या आणि वाडे पाहायला परवानगी कोणाकडे मागायची? – वाचक, दोंडाईचा

बहुतेक ठिकाणी कुटुंब राहते आहे. तिथे तिकीट नाही, खिडकी नाही, आणि हक्क तर नाहीच. बस घेऊन दारात उभे राहू नका. आधी गावातल्या ओळखीच्या माणसामार्फत निरोप आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावे साधे पत्र:

‘स. न. वि. वि. आमच्या मंडळाचे १२ सभासद आपला वाडा पाहण्यास उत्सुक आहेत. आपल्या सोयीच्या दिवशी सकाळी दहा ते अकरा एवढाच वेळ घेऊ. आपण दाखवाल तेवढाच भाग पाहू. फोटो आपण परवानगी दिली तरच काढू आणि नेटवर टाकणार नाही. आपला होकार आल्यावरच दिवस ठरवू.’

माणसे बारा-पंधराच्या वर नकोत. चहापाणी करू नका असे पत्रातच लिहा, तरी ते करतीलच. म्हणून सोबत फळांची करंडी न्या, पैशांचे पाकीट नको. घरात सुतक किंवा लग्नकार्य असेल तर तारीख आनंदाने पुढे ढकला. देवघर आणि माजघर यांच्या उंबऱ्यावर, आत बोलावल्याशिवाय, पाऊल टाकू नका. परत आल्यावर आठ दिवसांत आभाराचे पत्र आणि घरातल्यांसोबतच्या फोटोची छापील प्रत पाठवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या मंडळाला तो दरवाजा उघडेल की नाही, हे बरेचसे त्यावर ठरते.